अकराचा दोर

माझ्या बापाला वेद येत नव्हते, पण वेदांची लांबी येत होती. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आणि पुष्कळ लोक हसले. हसू देत. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा माझ्या लिहिण्यालाही हसणारे हसतील. मला त्याचं काही नाही. बापाचे शेवटचे दोन दिवस माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाहीत. बायको होती तिथे, तीही गेली. म्हणून लिहितो.

गिरगावात एका वाडीच्या पोटात वेदपाठशाळा होती. ओसरी, मागे विहीर आणि दोहोंच्या मध्ये कमरेएवढी भिंत. बाप तिथे पाणक्या होता. रत्नागिरीकडून आला तेव्हा गिरणीत कामाला लागायचं म्हणूनच आला होता. चार दिवस पोटाला मिळतंय म्हणून पाठशाळेचं पाणी भरायला राहिला आणि जन्मभर तिथेच राहिला. गिरणीत मी गेलो.

सकाळी ओसरीवर संथा चाले. गुरुजी एक ओळ म्हणत आणि मुलं ती दोनदा म्हणत. नवीन मुलगा असला की गुरुजी त्याचं डोकं हातात धरत. स्वर खाली गेला की डोकं खाली दाबत, वर आला की सोडत. भिंतीच्या पलीकडे बाप काथ्याच्या दोराने पोहरा ओढत असे. एका अक्षराला एक हात. ओळ सुरू झाली की पहिला हात, ओळ संपली की पोहरा काठावर. असं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ओझं ओढणारा माणूस कशाच्या तरी तालावर ओढतो, बापाला तो ताल भिंतीपलीकडून फुकट मिळाला.

घरी आला की मला मांडीवर घेऊन सांगायचा, "पावसात पाणी वर असतं ना, तेव्हा आठाचं म्हणतात. दिवाळीपासून अकराचं. वैशाखात पाणी तळाला गेलं की बाराचं." विहिरीत पाणी किती आहे ते बघून गुरुजी मंत्र काढतात, अशी त्याची खात्री होती. मी विचारायचो, "म्हणतात काय पण?" तो म्हणायचा, "ते मला काय ठाऊक? आपलं काम मापाशी."

त्या वाडीत मी एकदाच आत गेलो. बापाची भाकरी घेऊन गेलो होतो. ओसरीच्या कडेला कोणाचं तरी सोवळं वाळत होतं, त्याला माझा खांदा लागला. एक विद्यार्थी ओरडला. गुरुजी काही बोलले नाहीत. बाप विहिरीवरून धावत आला आणि त्या सगळ्यांच्या समोर त्याने माझ्या कानाखाली वाजवली. दंडाला धरून मला वाडीच्या दारापर्यंत ओढत नेलं. मग दारात बसून माझ्या गालाला ओला हात लावत बसला. मी त्याचा हात झटकला. पुन्हा त्या वाडीत पाय ठेवणार नाही असं ठरवलं आणि ठेवला नाही. मोठा झालो, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागलो, लग्न झालं, तरी नाही. बाप थकून आमच्या परळच्या खोलीत येऊन राहिला तेव्हा त्याची वळकटी आणायलाही मी वाडीच्या दारातच उभा होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या चाळीत कोणी घरी बसत नव्हतं. मीही बसत नव्हतो. मुंबई आमची म्हणून ओरडून ओरडून माझा घसा गेलेला असे. एक दिवस घरी आलो तर बाप मोरीजवळ आडवा पडलेला. उजवी बाजू गेली होती, तोंड एका बाजूला ओघळलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर गॅलरीत नेलं आणि म्हणाले, "जे काय बोलायचं-विचारायचं ते करून घ्या."

विचारायचं काय? त्याला बोलताच येत नव्हतं. नुसता "आं" निघायचा. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा डावा हात सुरू झाला.

अंगावरच्या गोधडीची कड तो मुठीत धरायचा आणि जवळ ओढायचा. मग पुढची कड, मग त्याच्या पुढची. थोडी ओढून थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा ओढायचा. असं काही वेळ झालं की गोधडीचा तो सगळा चोळामोळा मुठीत धरून हात आमच्याकडे पुढे करायचा. घ्या म्हणून. बायको घ्यायची आणि गोधडी झटकून नीट घालायची. मग तो असा ओरडायचा की खाली रस्त्यावर लोक वर बघायचे.

शेजारच्या खोलीतली मालवणी म्हातारी दारात येऊन उभी राहिली. बायकोला म्हणाली, "गोधडी ओढूक लागलो, म्हणजे आता काय खरा नाय. तुळशीचा पान हाडून ठेव गे."

"आजी, तोंड आवरा," मी म्हणालो. "तो मरत नाही. तो मागतोय काहीतरी."

"काय मागता? मरान मागता. मी तीन माणसां अशी गेलेली बघितलंय."

"माझा बाप चौथा नाही. जावा तुम्ही."

ती गेली, पण दार लावून घेतलं नाही. बायको म्हणाली, "अहो, पाणी मागत असतील. जन्मभर पाणीच ओढलंय त्यांनी." चमच्याने पाणी घातलं. त्याने ते गालावरून जाऊ दिलं. दूध घातलं, तेही तसंच. भिंतीवरचा देवाचा फोटो काढून हातात दिला, तो त्याने छातीवर टाकून दिला आणि पुन्हा गोधडी धरली. या माणसाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. विडीसुद्धा नाही. आता मागत होता. सकाळपासून मागत होता, डोळे माझ्यावर लावून मागत होता, आणि मला कळत नव्हतं. मी चिडलो. त्याच्यावरच ओरडलो, "बाबा, काय पाहिजे? काय पाहिजे तुम्हाला?" तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं, दुसऱ्याला ते येत नव्हतं.

रडून झाल्यावर त्याने परत कड धरली. मी शेजारी बसून नुसता बघत होतो. गिरणीत साच्यांच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, आम्ही हातावरून आणि ओठांवरून समजून घेतो. तसा बघत होतो. चार हात ओढले. थांबला. मग सात. चार आणि सात. पुन्हा चार, दम, सात. अकरा. दिवाळीनंतरचं पाणी.

"तो विहिरीवर आहे," मी बायकोला म्हणालो. "पाठशाळेच्या विहिरीवर."

"मग?"

"मग त्यांचा मंत्र पाहिजे असेल त्याला. कानावर पडायला हवा असेल."

"तुम्ही जाणार तिथे?" तिने विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं.

मी चपला घातल्या.

ट्रामी बंद होत्या. हरताळ होता आणि पुढे कुठे कुठे संचारबंदी लागली होती. लालबागला रस्त्यावर दगडांचा खच, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. भायखळ्याच्या आधी एका पोलिसाने अडवलं. "कुठे?" म्हणाला. बाप मरतोय म्हणालो. ते शब्द मी स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा उच्चारले. पोलीसही मराठीच होता. म्हणाला, "रोज वीस जणांचे बाप मरतात या नाक्यावर. गल्लीतून जा, मोठ्या रस्त्याला लागू नकोस." मी गल्ल्यागल्ल्यांतून गेलो. धुराने डोळे चुरचुरत होते. एकदा वाटलं, परत फिरावं. मी इकडे आणि तो तिकडे एकटा गेला तर? पण घरी बसून तरी काय करणार होतो? गोधडी झटकणार होतो.

वाडीच्या दारात थांबलो नाही. थांबलो असतो तर आत गेलो नसतो.

पाठशाळेत आता विद्यार्थी राहिले नव्हते. ओसरीवर गुरुजी एकटेच बसले होते, पाय सुजून खांबासारखे झालेले, ते समोर पाटावर ठेवलेले. त्यांनी मला ओळखलं.

"तू त्याचा मुलगा. भाकरी घेऊन आला होतास."

"हो. मार खाऊन गेलो होतो."

"बस."

"बसायला आलो नाही. बाप चाललाय. तुमचा मंत्र मागतोय. चला."

त्यांनी पायांकडे बोट केलं. "मला मोरीपर्यंत न्यायला माणूस लागतो. परळला कसा येऊ? त्यातून गाडी नाही, घोडा नाही."

"मग मला सांगा. मी पाठ करतो, जाऊन त्याच्या कानात म्हणतो."

गुरुजींनी मान हलवली. मग म्हणाले, "ते मला देता येणार नाही. मी माझ्या गुरूंपाशी शब्दाने बांधलेला आहे."

माझं डोकं फिरलं. "त्याच्या हातचं पाणी पिऊन तुम्ही मोठे झालात. त्याच्या मरणाला एक ओळ देववत नाही तुम्हाला?"

"ओरड," ते म्हणाले. "तुझा अधिकार आहे ओरडायचा. पण मला सांग, तो मंत्र मागतोय हे तुला कोणी सांगितलं?"

"हात सांगतोय त्याचा."

"काय करतो हाताने? मला करून दाखव."

मला दाखवायचं नव्हतं. पण बापाचे डोळे समोर होते. मी खांद्यावरचा पंचा काढला, जमिनीवर पसरला आणि त्याची कड ओढायला लागलो. चार. थांबलो. सात. गुरुजी एकदम पुढे वाकले.

"पुन्हा."

पुन्हा केलं. गुरुजींचा अंगठा त्यांच्या बोटांच्या पेरांवर फिरत होता. "त्रिष्टुभ," ते म्हणाले. "अकरा अक्षरांचा पाद. चौथ्यावर नाहीतर पाचव्यावर यती असतो, तिथे मी श्वास घ्यायचो. तो पण घ्यायचा?"

"तेच तर करतोय. श्वास घेतोय."

मग ते मला समजावून सांगायला लागले. मला घाई होती, तरी मी ऐकलं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला ते सांगत होतं. म्हणाले, ऋचेला पाद असतात. पाद म्हणजे पायच समज. गायत्रीला तीन पाय, प्रत्येकात आठ अक्षरं. अनुष्टुभाला आठाचेच, पण चार. त्रिष्टुभाला अकराचे चार, जगतीला बाराचे चार. प्रत्येक पाद सुरुवातीला जरा मोकळा असतो, अक्षर लांब असो की आखूड, चालतं. शेवटाकडे येताना तो बांधला जातो. त्रिष्टुभाचा शेवट लांब, आखूड, लांब असा, आणि अगदी शेवटचं अक्षर मात्र कसंही असलं तरी चालतं.

मी म्हणालो, "आणि पावसात आठाचं, उन्हाळ्यात बाराचं."

"हे कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

गुरुजींना हसू आलं. मग ते हसू अर्ध्यावर गेलं. "नाही रे. आम्ही बारा महिने सगळंच म्हणायचो. त्याच्या दोराला जुळेल तेवढंच तो ऐकत असणार." मग विचारलं, "किती पाद ओढतो तो?"

"तीन वेळा ओढतो. मग हात पुढे करतो. असा." मी पंच्याचा गोळा मुठीत धरून त्यांच्यासमोर केला. "घेतला की ओरडतो."

"घेऊन काय करता?"

"गोधडी नीट घालतो."

गुरुजी माझ्या मुठीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तीन अकरांचाही एक छंद आहे, विराज म्हणतात. पण सकाळच्या पाठात तो नसायचा. चार पादांचंच म्हणायचो. तुला ठाऊक नसेल. तीन पोहरे तो ओढायचा. स्वयंपाकाला, अंघोळीला, धुण्याला. चौथा देवाच्या पूजेचा. तो त्याच्या हातचा चालत नसे. तिसरा पाद संपला की मी मुलांना पुढे म्हणायला सांगून सोवळ्यात खाली उतरायचो. तो भिंतीवरून दोर पुढे करायचा. चौथा पाद मी ओढायचो."

माझी मूठ अजून पुढेच होती.

"तो मंत्र मागत नाही," गुरुजी म्हणाले. "तो दोर देतोय. मला."

तुम्हाला सांगतो, तेवढ्या दिवसांत पोलिसांच्या काठ्या माझ्या पाठीवर पडल्या होत्या, पण असं कोणी मला मारलं नव्हतं. जन्मभर तीन ओढायचे आणि चौथ्याला हात पुढे करायचा. मरतानासुद्धा. मी म्हणालो, "मग चला. तुमचा दोर आहे ना? घ्यायला चला."

ते खरंच उठले. माझ्या खांद्याला धरून उठले. त्याच ओसरीवरून, त्याच सोवळ्याच्या दांडीखालून आम्ही वाडीच्या दारापर्यंत आलो. दारात त्यांचे पाय थांबले. घाम सुटला, ओठ पांढरे पडले. पायरीवर बसले, बाप बसला होता तिथेच.

"नाही होत," म्हणाले. "तू घे."

"मी? माझ्या हातचं चालतं का पूजेला?"

"मला विचारू नकोस. जा. लवकर जा."

परतताना काय दिसलं, कोण भेटलं, काही आठवत नाही. फक्त जिन्यात आलो तेव्हा वरून ओरडणं ऐकू आलं आणि मला आनंद झाला. बाप ओरडतोय म्हणून आनंद झालेला मीच एक मुलगा असेन.

त्याच्या शेजारी बसलो. त्याचा श्वास आता छातीत वाजत होता. हात चालूच होता, पण हळू. चार. दम. सात. मग दुसरा. तिसऱ्या पादाला बोटं गोधडीवरून सुटायची, तो पुन्हा धरायचा. तिसरा संपला आणि मूठ माझ्याकडे आली.

मी ती मूठ माझ्या दोन्ही हातांत घेतली आणि त्याच्याच छातीकडे वळवली. "बाबा, चौथा पण तुमचाच. ओढा."

त्याने मूठ पुन्हा पुढे केली.

"इथे कोणी सोवळ्यात नाही. ही आपली खोली आहे. तुम्ही ओढा."

पुन्हा पुढे. मी पुन्हा मागे सारली. मला वाटलं होतं, एवढं तरी मी बापाला देईन. एक पोहरा. तो नको म्हणत होता. त्याच्या घशातून असा आवाज निघाला, जनावराला दावं आवळलं की निघतो तसा. हात त्याने माझ्यासमोर धरला होता आणि खाली घेत नव्हता. मी पण हटत नव्हतो. हट्ट आमच्या घरात त्याच्याकडूनच आला आहे.

"अहो, काय मांडलंय तुम्ही?" बायको रडत म्हणाली. "हाताला कळ लागलीय त्यांच्या. घ्या ते."

मग घेतला. त्याच्या मुठीतून गोधडीची कड माझ्या हातात घेतली. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मी ओढायला लागलो. एक, दोन, तीन, चार. थांबलो. श्वास घेतला. तो माझ्या हातांकडे बघत होता, तोंडाकडे नाही. मग सात. शेवटाला सावकाश, लांब, आखूड, लांब. शेवटचा हात कसा पडला मला ठाऊक नाही.

गोधडी सगळी माझ्या मांडीवर आली. त्याचा हात खाली गेला आणि उघडाच राहिला. ओरडला नाही. बायकोने तोंडात पाणी घातलं, ते त्याने गिळलं. त्यानंतर त्याने गोधडीला हात लावला नाही. रात्र तशीच गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, खाली कोणीतरी घोषणा देत पळत असताना, तो गेला. जमाव करायला बंदी होती. खांद्याला चौघे आणि पुढे मडकं धरून मी, एवढेच गेलो. बाकी चाळ गॅलरीत उभी होती. मालवणी म्हातारी बायकोला धरून बसली होती.

पुढे मुंबई आपल्याला मिळाली. आमच्या चाळीनेही दिवे लावले. मी लावले नाहीत, सुतक संपून पुष्कळ दिवस झाले होते तरीही नाही. का ते मला सांगता येणार नाही. गुरुजी ते दिवे लागायच्या आधीच गेले. मी गेलो नाही त्यांच्याकडे, ते गेल्यावरही नाही.

चाळीच्या गणपतीत आरतीनंतर हातात फुलं घेऊन सगळे ते मंत्र म्हणतात, मोठ्याने, एका दमात, श्वास कुठे घ्यायचा ते कोणालाच ठाऊक नसतं. माझी मूठ आपोआप मिटते आणि पिळायला लागते. पोरं म्हणतात, आजोबा, फुलं चुरगळली तुमची. चुरगळू देत.

मला एकच विचारायचं होतं आणि ज्याला विचारायचं तो नाही. त्याने दोर दिला तो कोणाला? माझ्या हातांकडे बघत होता, तोंडाकडे नाही. त्याला मी गुरुजी वाटलो असेन तर माझा बाप भिंतीच्या पलीकडे उभा राहूनच मेला, आणि मी त्याला तिथे उभं राहायला मदत केली. त्याला मीच दिसलो असेन, तर मग चौथा पोहरा त्याने आमच्या घरात आणला. डोळे मिटले की मला हात दिसतो, डोळे दिसत नाहीत. कितीदा आठवून बघितलं. नाही दिसत.

मुलगा म्हणूनच दिला, असं मी म्हणतो. बायको जिवंत असेपर्यंत हो म्हणायची. आता हो म्हणायला कोणी नाही, तरी मी तेच म्हणतो.